प्रोपेन की वीज? अमेरिकेतल्या घराच्या हीटिंगचा खर्च कसा ताडून पाहावा

अमेरिकेत शहराच्या कडेला, नैसर्गिक वायूची पाइपलाइन जिथे संपते त्याच्या पलीकडे घर घेतले, की मागच्या अंगणात पुष्कळदा एक लांबट पांढरी टाकी दिसते. ती प्रोपेनची असते. एडिसन किंवा नेपरव्हिलसारख्या वस्तीत राहिलेल्या मराठी कुटुंबाला वायूच्या मासिक बिलाची सवय झालेली असते, आणि महाराष्ट्रात तर घर उबदार ठेवण्याचा वेगळा खर्च सहसा कोणी मांडतही नाही. त्यामुळे मोठे आवार, शांत परिसर आणि बरी किंमत पाहून घेतलेल्या घरात पहिला हिवाळा निम्मा सरतो, टाकी भरण्याचे दुसरे बिल हाती येते, आणि तेव्हा कुठे प्रश्न उभा राहतो, की हेच घर विजेवर तापवले तर स्वस्त पडेल का.

या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. ते मुळात इंधनावर कमी आणि वीज कोणत्या यंत्रात वापरायची यावर जास्त अवलंबून आहे. साध्या विजेच्या हीटरवर घर तापवणे अमेरिकेच्या बहुतेक भागांत प्रोपेनपेक्षा महाग पडते. चांगल्या हीट पंपावर, म्हणजे हिवाळ्यात उलटा चालणाऱ्या एसीवर, तापवणे बहुतेक भागांत प्रोपेनपेक्षा स्वस्त पडते. आणि ज्या थोड्या राज्यांत वीज फार महाग आहे तिथे निकाल तापमानाप्रमाणे बदलतो. आपले घर यांपैकी कोणत्या गटात बसते हे आपल्याच बिलांवरून, गुणाकार-भागाकाराच्या बळावर ठरवता येते. ते कसे, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

दोन्ही इंधने एकाच मापात आणा

प्रोपेन गॅलनवर विकला जातो आणि वीज किलोवॉट-तासावर, म्हणजे आपण भारतात ज्याला युनिट म्हणतो त्या मापावर. अमेरिकेत उष्णता बीटीयूमध्ये मोजण्याची पद्धत आहे. एक गॅलन प्रोपेन जळला की सुमारे ९१,५०० बीटीयू उष्णता निघते, आणि एक युनिट वीज पूर्णपणे उष्णतेत बदलली की ३,४१२ बीटीयू मिळतात. भागाकार केला तर एक गॅलन प्रोपेन म्हणजे सुमारे २६.८ युनिट उष्णता असे प्रमाण येते. टोरोंटो किंवा कॅल्गरीच्या आसपासच्या वाचकांना प्रोपेन लिटरवर मिळतो. त्यांनी एका लिटरला सुमारे ७ युनिट धरावेत.

भारतातल्या सिलिंडरच्या हिशोबाने पाहायचे तर एक गॅलन प्रोपेनचे वजन सुमारे १.९ किलो भरते. घरगुती वापराची ५०० गॅलनची टाकी कधीही काठोकाठ भरत नाहीत, कारण उन्हाने द्रव प्रसरण पावतो आणि त्याला जागा ठेवावी लागते; ती ८० टक्के, म्हणजे ४०० गॅलनपर्यंत भरतात. त्या ४०० गॅलनांचे वजन आपल्या १४.२ किलोच्या जवळजवळ ५४ सिलिंडरांएवढे होते. थंड राज्यातले मोठे घर एका हिवाळ्यात अशी टाकी दोनदा रिकामी करू शकते. खर्चाचा हा आवाका आधी लक्षात घेतला, म्हणजे गॅलनमागे पंचवीस-तीस सेंटचा फरकही किती मोठा आहे ते कळते.

आता फर्नेसचा, म्हणजे प्रोपेन जाळून घरभर गरम हवा सोडणाऱ्या यंत्राचा, विचार करू. प्रोपेनची सगळी उष्णता घराला मिळत नाही, काही धुराड्यातून बाहेर जाते. फर्नेसच्या पाटीवर किंवा कागदपत्रांत एएफयूई या नावाने टक्केवारी दिलेली असते. जुन्या, धातूचे धुराडे असलेल्या फर्नेसची ती ८० च्या आसपास असते, आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून धूर सोडणाऱ्या, पाण्याचा निचरा करणाऱ्या नव्या कंडेन्सिंग फर्नेसची ९० ते ९८. त्यामुळे ९५ टक्क्यांच्या फर्नेसमध्ये एका गॅलनमागे घराला सुमारे २५.५ युनिट उष्णता मिळते आणि ८० टक्क्यांच्या फर्नेसमध्ये सुमारे २१.५. यांपैकी आपल्या फर्नेसला लागू असलेला आकडा लिहून ठेवावा. पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे.

विजेचे यंत्र कोणते, हा खरा प्रश्न

विजेने घर तापवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांच्या खर्चात दुप्पट-तिप्पट अंतर आहे. पहिला मार्ग तारेत वीज सोडून ती तापवण्याचा. भिंतीच्या तळाशी बसवलेले बेसबोर्ड हीटर, इलेक्ट्रिक फर्नेस, खोलीत ठेवायचे फिरते हीटर हे सगळे गिझरच्या कॉइलच्याच तत्त्वावर चालतात. एका युनिट विजेतून ते बरोबर एक युनिट उष्णता देतात. तेल भरलेला असो, सिरॅमिक असो किंवा इन्फ्रारेड असो, या नियमाला कोणताही हीटर अपवाद नाही, आणि कमी विजेत जास्त ऊब देण्याचा दावा करणाऱ्या महागड्या फिरत्या हीटरवर पैसे घालवू नयेत, असे मी आवर्जून सांगेन. १,५०० वॅटचा कोणताही हीटर तासाला दीड युनिट वीज घेतो आणि दीड युनिट उष्णता देतो. एकाच खोलीत बसायचे असेल आणि बाकीचे घर गार ठेवायचे असेल तर अशा हीटरने एकूण बिल उतरू शकते, पण ती बचत कमी जागा तापवल्याची असते, हीटरच्या गुणाची नसते.

दुसरा मार्ग हीट पंपाचा. हा प्रत्यक्षात एसीच आहे, फक्त त्यात आतल्या शीतक वायूचा प्रवाह उलटवणारी झडप असते, त्यामुळे उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो आणि हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. हवा आपल्याला गार लागली तरी तिच्यात उष्णता असतेच. ती तयार करायची नसून केवळ हलवायची असल्यामुळे एका युनिट विजेत दोन, तीन, कधी चार युनिट उष्णता घरात येते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. बाहेर जितकी थंडी वाढेल तितका सीओपी उतरतो.

यंत्राच्या पाटीवर सीओपी नसून हंगामी सरासरीचा एचएसपीएफ२ हा आकडा असतो; २०२३ पासून ही नवी मापनपद्धत लागू झाली आणि दोन भागांच्या (स्प्लिट) नव्या हीट पंपांना किमान ७.५ हा आकडा सक्तीचा झाला. त्याला ३.४१२ ने भागले की हंगामाचा सरासरी सीओपी मिळतो. म्हणजे ७.५ चा पंप सुमारे २.२, ८.५ चा सुमारे २.५ आणि १० चा सुमारे २.९. मात्र ही सरासरी मध्यम थंडीच्या हवामानासाठी काढलेली असते. मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा मेन इथे राहणाऱ्यांनी हा आकडा जसाच्या तसा धरू नये. त्यांच्यासाठी नॉर्थईस्ट एनर्जी एफिशियन्सी पार्टनरशिप्स ही संस्था थंड प्रदेशातल्या हीट पंपांची यादी ठेवते, आणि तिच्यात प्रत्येक यंत्राचा ४७, १७ आणि ५ अंश फॅरनहाइटला सीओपी किती आणि ते किती उष्णता देऊ शकते हे वेगवेगळे दिलेले असते. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचतीच्या योजनेचा थंड हवामानाचा शिक्का मिळवण्यासाठी ५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे १५ अंश सेल्सियसला, सीओपी किमान १.७५ असावा लागतो. कंत्राटदाराने सुचवलेले मॉडेल या यादीत शोधून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

बिलावरचा खरा दर

हिशोब चुकण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे विजेचा दर. पुष्कळ जण एकूण बिलाला युनिटांनी भागतात आणि येणारा आकडा दर म्हणून वापरतात. पण बिलात दरमहा लागणारा एक स्थिर आकार असतो, जो हीटिंग विजेवर नेले काय आणि न नेले काय, तेवढाच राहतो. तो वजा करावा. त्याउलट, काही जण फक्त वीजनिर्मितीचा दर पाहतात आणि वहनाचा, म्हणजे डिलिव्हरीचा, दर सोडून देतात. तो तर प्रत्येक युनिटावर लागतो आणि ईशान्येकडच्या राज्यांत निर्मितीच्या दराच्या जवळपास जातो. निर्मिती, वहन आणि युनिटावर लागणारे सगळे अधिभार मिळून जी बेरीज होते तो आपला खरा दर. वीज कंपनीची टप्प्यांची पद्धत असेल, म्हणजे ठरावीक युनिटांनंतर दर बदलत असेल, तर हीटिंगची वीज वरच्या टप्प्यात पडणार हे धरून त्या टप्प्याचा दर घ्यावा. काही कंपन्या विजेवर हीटिंग करणाऱ्या घरांना हिवाळ्यात सवलतीचा वेगळा दर देतात. तो फोन करून विचारावा लागतो, आपोआप लागेलच असे नाही. छतावर सौर पॅनेल असतील तर उरलेल्या विजेला कंपनी जो मोबदला देते तीच त्या युनिटाची किंमत समजावी, फुकट समजू नये.

प्रोपेनच्या बाजूला एका भरणीची पावती पाहून चालत नाही. वर्षभरातल्या सगळ्या पावत्या एकत्र करून दिलेले एकूण पैसे आणि मिळालेले एकूण गॅलन यांचा भागाकार करावा. पावतीवर दरासोबत घातक मालवाहतुकीचा आकार, इंधन अधिभार अशा लहान रकमा असतात, त्याही या बेरजेत घ्याव्यात. दरमहा समान हप्त्याच्या योजनेत असाल तर हप्त्याचा आकडा या कामाला निरुपयोगी आहे, गॅलनचाच हिशोब मागवून घ्यावा.

आपला दर वाजवी आहे का हे पडताळायचे असल्यास अमेरिकेच्या एनर्जी इन्फर्मेशन अॅडमिनिस्ट्रेशनचे आकडे उपयोगी पडतात. ही सरकारी संस्था ऑक्टोबर ते मार्च दर आठवड्याला राज्यवार घरगुती प्रोपेनचे भाव प्रसिद्ध करते. मात्र ती सरासरी असते. लहान गिऱ्हाइकाला भाव चढा लागतो आणि मोठ्याला उतरता.

एका घराचा पूर्ण हिशोब

समजा, एक कुटुंब वर्षाला ९०० गॅलन प्रोपेन जाळते. त्यातला किती हीटिंगचा आणि किती पाणी तापवण्याचा व स्वयंपाकाचा, हे उन्हाळ्यावरून कळते. जून ते ऑगस्ट टाकीवरची काटेतबकडी महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी पाहावी; ५०० गॅलनच्या टाकीत एक टक्का म्हणजे ५ गॅलन. उन्हाळ्यातला मासिक खप बारा महिन्यांनी गुणून एकूण खपातून वजा केला की उरतो तो हीटिंगचा. या घराच्या बाबतीत तो ८०० गॅलन धरू, फर्नेस ९० टक्क्यांचा धरू, प्रोपेनचा दर २.६० डॉलर आणि विजेचा खरा दर युनिटाला १६ सेंट धरू. २०२४ मध्ये अमेरिकेतला घरगुती विजेचा सरासरी दर साडेसोळा सेंटच्या आसपास होता, तेव्हा हा आकडा मध्यम समजायला हरकत नाही.

घराला प्रत्यक्ष मिळणारी उष्णता ८०० गुणिले २६.८ गुणिले ०.९०, म्हणजे सुमारे १९,३०० युनिट. हा त्या घराचा हिवाळ्याचा ठोस आकडा, आणि कोणतेही यंत्र बसवले तरी एवढी उष्णता लागणारच.

प्रोपेनवर याचा खर्च २,०८० डॉलर. त्यात फर्नेसचा पंखा चालवणारी वीज मिळवावी लागते. हंगामात काही शे युनिट धरली तर ती साठ-सत्तर डॉलरची होते. एकूण २,१५० डॉलरच्या आसपास.

साध्या विजेच्या हीटरवर हीच ऊब घेतली तर १९,३०० युनिटांचे १६ सेंटने सुमारे ३,०९० डॉलर होतात. प्रोपेनपेक्षा साडेनऊशे डॉलर जास्त. म्हणून प्रोपेन महाग पडतो या रागाने फर्नेस बंद करून खोल्याखोल्यांत हीटर लावले तर उबेसाठी आणखी जास्त पैसे मोजावे लागतात.

हीट पंपाचा हंगामी सीओपी २.५ धरू, पण कडाक्याच्या दिवसांत त्याच्या मदतीला असलेली विजेची कॉइल चालू होते हे विसरता येत नाही. दहा टक्के उष्णता कॉइलने दिली असे मानले तर तिच्यासाठी १,९३० युनिट, आणि उरलेल्या १७,३७० युनिट उष्णतेसाठी सुमारे ६,९५० युनिट वीज. एकूण ८,८८० युनिट, १६ सेंटने सुमारे १,४२० डॉलर. प्रोपेनपेक्षा वर्षाला ७३० डॉलर कमी.

यात एक बारकावा राहून जातो, तो डक्टचा, म्हणजे घरभर गरम हवा नेणाऱ्या नळांचा. पोटमाळ्यातून किंवा घराखालच्या पोकळीतून जाणाऱ्या डक्टला गळती असते, आणि सर्वसाधारण घरात वीस ते तीस टक्के हवा अशी वाया जाते असे एनर्जी स्टार सांगते. फर्नेस आणि डक्टवर चालणारा हीट पंप यांना हे नुकसान सारखेच लागते, पण बेसबोर्ड हीटर आणि भिंतीवर बसवायचे, डक्ट नसलेले मिनी-स्प्लिट हीट पंप यांना ते लागत नाही. डक्टची अवस्था वाईट असेल तर या दोघांचा खर्च वरच्या हिशोबापेक्षा कमी येईल. अर्थात, गळती बुजवणे आणि पोटमाळ्यात इन्सुलेशन वाढवणे हे काम इंधन कोणतेही ठेवले तरी आधी करावे, कारण त्याने १९,३०० हा मूळ आकडाच खाली येतो, आणि नवे यंत्रही लहान, म्हणून स्वस्त, पुरते.

सीओपीची सीमारेषा

वरचा हिशोब पूर्ण करायला तासभर लागतो. त्याहून झटपट, आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त, असा एकच आकडा आहे. विजेचा दर डॉलरमध्ये घ्यावा, त्याला आपल्या फर्नेसच्या गॅलनमागच्या युनिटांनी, म्हणजे २५.५ किंवा २१.५ ने, गुणावे आणि प्रोपेनच्या दराने भागावे. जे उत्तर येईल तो सीमेचा सीओपी. हीट पंपाचा सीओपी याच्या वर असेपर्यंत वीज स्वस्त, खाली गेला की प्रोपेन स्वस्त. साध्या हीटरचा सीओपी कायम १ असतो, त्यामुळे उत्तर १ पेक्षा कमी आले तरच तो प्रोपेनला हरवतो.

नेब्रास्कासारख्या स्वस्त विजेच्या राज्यात दर साडेअकरा सेंट आणि प्रोपेन १.९० डॉलर धरला तर उत्तर सुमारे १.५ येते. थंड प्रदेशासाठी बनवलेला हीट पंप ५ अंश फॅरनहाइटलाही १.७५ च्या वर असतो, म्हणून तिथे हिवाळ्याचे बहुतेक सगळे तास तोच स्वस्त ठरतो. मॅसॅच्युसेट्समध्ये वीज ३० सेंटच्या आसपास आहे. प्रोपेन ३.३० डॉलर धरला तर उत्तर सुमारे २.३ येते, आणि तिथे गोष्ट बदलते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलच्या सौम्य थंडीत हीट पंप स्वस्त. पण जानेवारीतल्या रात्री, जेव्हा पारा दहा-पंधरा अंश फॅरनहाइटवर उतरतो, तेव्हा पुष्कळ यंत्रांचा सीओपी २.३ च्या खाली जातो आणि प्रोपेनचा फर्नेस चालवणे परवडते.

अशा ठिकाणी दोन्ही ठेवण्याची सोय असते. तिला ड्युअल फ्युएल म्हणतात. जुन्या एसीच्या जागी हीट पंप येतो, फर्नेस तसाच राहतो, आणि थर्मोस्टॅटमध्ये बाहेरचे एक तापमान ठरवून दिले की त्याच्या खाली फर्नेस व वर हीट पंप चालतो. हे तापमान कंत्राटदार पुष्कळदा सवयीने ३५ किंवा ४० अंश फॅरनहाइटवर ठेवून निघून जातात, आणि मग हीट पंप वर्षातला फार थोडा काळ चालतो. आपला सीमेचा सीओपी काढावा, यंत्राच्या तक्त्यात तो कोणत्या तापमानाला येतो ते पाहावे आणि तेच तापमान थर्मोस्टॅटमध्ये घालायला लावावे. भाव बदलले की हे पुन्हा करावे. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यावर दर हिवाळ्याला काही शे डॉलर अवलंबून असू शकतात.

प्रोपेनचे भाव किती हलू शकतात याची आठवण मध्य-पश्चिमेतल्या लोकांना २०१३-१४ च्या हिवाळ्याने दिली. शरद ऋतूत ओला मका वाळवण्यासाठी शेतकऱ्यांनी भरपूर प्रोपेन वापरला, साठे खाली गेले, त्यावर जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, आणि महिना संपता संपता तिथला घरगुती भाव गॅलनला ४ डॉलरच्या वर गेला. विजेचे दर नियामक मंडळांच्या मंजुरीने, सावकाश वाढतात. प्रोपेनचा भाव आठवड्यागणिक बदलतो. म्हणून हिशोब करताना प्रोपेनचा एकच भाव न धरता आताचा, पन्नास सेंट कमी आणि एक डॉलर जास्त असे तीन भाव धरून सीमेचा आकडा काढावा. तिन्हींत उत्तर तेच आले तर निर्णय पक्का.

हीट पंप घेतलेल्या घरात वापराची एक सवय बदलावी लागते. प्रोपेनच्या घरात रात्री थर्मोस्टॅट आठ-दहा अंश खाली आणून सकाळी वर नेणे फायद्याचे असते. हीट पंपाच्या घरात सकाळची ती मोठी उडी भरून काढायला विजेची कॉइल सुरू होते, थर्मोस्टॅटवर ऑक्स हीट अशी खूण दिसते, आणि रात्रीची बचत तासाभरात निघून जाते. तापमान स्थिर ठेवावे, किंवा दोन-तीन अंशांपेक्षा जास्त खाली आणू नये. आई-वडील भारतातून हिवाळ्यात राहायला आले की घर ७४-७५ अंश फॅरनहाइटवर जाणार हे उघड आहे आणि त्यात काटकसर करूही नये. पण तापमान दिवसभरात हळूहळू वाढवावे, म्हणजे कॉइल लागणार नाही.

बसवण्याचा खर्च

वर्षाला ७३० डॉलर वाचत असतील तर किती गुंतवणूक योग्य? इथे वेळ महत्त्वाची ठरते. फर्नेस आणि एसी दोन्ही धडधाकट असताना ते काढून हीट पंप बसवला तर त्याची पूर्ण किंमत या बचतीतून भरून निघावी लागते, आणि यंत्राचे आयुष्य साधारण पंधरा वर्षे धरले तर गणित ताणलेले राहते. पण एसी मोडकळीला आला असेल, तर नवा एसी आणि नवा हीट पंप यांच्या किमतीतला फरक तेवढाच खरा जादा खर्च होतो. म्हणून कंत्राटदाराकडून दोन अंदाजपत्रके मागवावीत, एक एसीचे आणि एक तेवढ्याच क्षमतेच्या हीट पंपाचे, आणि फरकाला वार्षिक बचतीने भागावे. फरक ३,००० डॉलर असेल तर या घरात तो चार-सव्वाचार वर्षांत फिटतो. १०,००० असेल तर जवळजवळ चौदा वर्षे लागतात, आणि तेव्हा थांबावे.

विजेचा पॅनेल, म्हणजे घरातली ब्रेकरची पेटी, विसरू नये. मदतीची कॉइल १५ किलोवॅटची असेल तर ती २४० व्होल्टवर साठ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढते. जुन्या घरातला १०० अँपिअरचा पॅनेल ड्रायर, ओव्हन आणि मोटारीच्या चार्जरसह हे पेलू शकत नाही, आणि पॅनेल बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात नंतर वाढून येतो. तो आधीच विचारावा. ड्युअल फ्युएलमध्ये कॉइल लागत नाही, म्हणून पॅनेल लहान असलेल्या घरांना तो मार्ग सोयीचा.

यंत्राची क्षमता अंदाजाने ठरवू देऊ नये. मॅन्युअल जे या पद्धतीने खोल्या, खिडक्या, भिंती मोजून काढलेला उष्णतेचा हिशोब लेखी मागावा. घराच्या क्षेत्रफळावरून टन सांगणारा कंत्राटदार टाळावा.

केंद्र सरकारची हीट पंपावरची २,००० डॉलरपर्यंतची करसवलत अजूनही पुष्कळ विक्रेत्यांच्या पत्रकांत छापलेली दिसते. २०२५ च्या कायद्याने ती रद्द झाली असून ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना ती मिळत नाही. राज्यांच्या आणि वीज कंपन्यांच्या सवलती मात्र वेगळ्या असतात. त्यांची चौकशी काम सुरू होण्याआधी करावी, कारण काहींना पूर्वमंजुरी लागते.

वीज गेली तर काय, ही शंका थंड प्रदेशात रास्त आहे. पण प्रोपेनचा फर्नेसही पंख्याला व नियंत्रणाला वीज लागत असल्यामुळे विजेवाचून चालत नाही. फर्नेसचा फायदा इतकाच, की त्याच्यापुरती वीज लहान जनरेटरही देऊ शकतो, आणि हीट पंपाला त्याहून बराच मोठा लागतो. जिथे हिमवादळात दोन-तीन दिवस वीज जाते तिथे या एका कारणासाठी फर्नेस ठेवणे मला शहाणपणाचे वाटते, जरी तो चालवणे थोडे महाग असले तरी.

टाकी आणि तिचा करार

प्रोपेनवरच राहायचे ठरले तर खर्च कमी करण्याची मुख्य जागा टाकीचा करार ही आहे. टाकी कंपनीच्या मालकीची, म्हणजे भाड्याची असेल, तर तिच्यात दुसऱ्या कंपनीकडून गॅस भरून घेता येत नाही आणि भाव ठरवण्याची ताकद सगळी एका बाजूला जाते. टाकी स्वतःची असेल तर तीन-चार विक्रेत्यांकडून भाव मागवता येतो. घर विकत घेतानाच टाकी कोणाची हे लेखी विचारून घ्यावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मागणी कमी असताना, पुढच्या हिवाळ्याचा गॅस आगाऊ भावाने घेण्याच्या योजना असतात; त्यांत कमाल भाव ठरवून देणारी योजना बहुधा अधिक सुरक्षित, कारण बाजार खाली आला तर तिचा फायदाही मिळतो. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. तसे झाले तर पुन्हा भरताना गळतीची तपासणी करावी लागते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. वीस-तीस टक्क्यांवर काटा आला की मागणी नोंदवावी.

हीटिंग विजेवर नेल्यावरही पुष्कळ मराठी घरांना गॅसची शेगडी हवी असते, कारण फुलका आणि भाजलेले वांगे ज्वाळेवरच जमते. ही इच्छा योग्यच आहे, पण तिचा हिशोब वेगळा मांडावा. स्वयंपाकाला वर्षाकाठी फार थोडा प्रोपेन लागतो, आणि थोडा गॅस घेणाऱ्याला गॅलनचा भाव जास्त पडतो. शिवाय ५०० गॅलनच्या भाड्याच्या टाकीच्या करारात वर्षाला किमान अमुक गॅलन घेतलेच पाहिजेत अशी अट पुष्कळदा असते आणि ती पुरी न झाल्यास आकार लागतो. म्हणून फर्नेस बंद करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: मोठी टाकी काढून नेण्याचे किती पैसे, तिच्यात उरलेल्या गॅसचा परतावा कोणत्या भावाने, आणि फक्त शेगडीसाठी १२० गॅलनची लहान टाकी कोणत्या अटींवर मिळेल. ही उत्तरे लेखी घेऊन ते आकडे हीट पंपाच्या वार्षिक बचतीतून वजा करावेत. परतावा मिळणार नसेल किंवा फार कमी भावाने मिळणार असेल, तर शेवटची भरणी टाळावी, टाकीतला गॅस वसंत ऋतूपर्यंत जाळून घ्यावा आणि हीट पंपाचे काम एप्रिल-मेमध्ये करावे. तेव्हा हीटिंगची घाई सरलेली आणि एसीचा हंगाम लागायचा असतो, त्यामुळे कंत्राटदारही मोकळे सापडतात.